इंजिनाला जवसाचा घास

शहापूरला हायवेच्या कडेला पत्र्याची एक शेड होती. तिच्यात एक इंजिन दिवसचे दिवस चालायचं आणि कुठेच जायचं नाही. ना त्याला चाकं, ना पंप. गावची माणसं हसायची. "संघपालचं बरं आहे बाप्पा, डिझेल जाळाचाच पगार भेटते त्याले." हसणाऱ्यांचं काय जातं? संघपाल रामटेके रोज वरठीहून मोटारसायकलनं यायचा आणि त्या इंजिनापाशी उभा राहायचा. त्याच्या जिवाला काय घोर लागला होता, ते हसणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

आता डब्यावर 'उत्तम इंजिन ऑइल' असं कुणीही छापतं, छापायला काय लागतं! ते खरं की खोटं हे ठरवायला चाचणी लागते, आणि ती चाचणी आधी कुणीतरी बसवावी लागते. मोटारींच्या तेलासाठी अशा चाचण्या कधीच्याच झाल्या. पण धानाच्या बांधीत पाणी फेकणाऱ्या इंजिनाचा विचार कोण करतो? ते एका जागी उन्हात रगडलं जातं, धूळ खातं, आणि हंगाम सरला की कोपऱ्यात पडून राहतं. अशा इंजिनाच्या तेलासाठी देशभर चालेल अशी चाचणी तयार करायची, हे त्या शेडचं काम होतं.

पद्धत सरळ होती. एक तेल चांगलं म्हणून आधीच ठाऊक असलेलं, दुसरं वाईट म्हणून. नवा पिस्टन बसवायचा, त्यातलं एक तेल ओतायचं, ठरलेल्या भारावर इंजिन चालवायचं आणि शेवटी खोलून पिस्टन बघायचा. चांगल्या तेलाचा पिस्टन साफ निघाला पाहिजे, वाईटाचा चिकट आणि काळा. दरवेळी, हं. शहापूरची शेड धरून वेगवेगळ्या गावच्या तीन प्रयोगशाळांत हेच काम चाललं होतं. तिघींचं जुळलं तर तेल कंपन्यांची समिती चाचणीवर शिक्का मारणार. आज चांगलं ठरलेलं तेल उद्या वाईट ठरलं, तर त्या चाचणीला कुत्रंही विचारणार नाही.

संघपालला हे एवढं का लागावं? त्याला कारण त्याचे वडील. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात आनंदरावांचं एक पंपाचं इंजिन होतं. धान निसवायच्या वेळी, लोंब्यांना ऐन पाणी लागतं त्या दिवसांत ते जाम झालं आणि बांध्या वाळून गेल्या. तेलाच्या डब्यावर 'तपासलेले' असं छापलेलं होतं. तपासलं होतं हो, पण भलत्याच इंजिनात. आनंदराव मात्र मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "माह्याच हातून काही चुकलं असन." संघपालला बापाला सांगायचं होतं, तुमचं काही चुकलं नाही बाबा, तेल खोटं होतं. सांगायला बाप राहिला नव्हता. मग निदान चाचणी तरी उभी राहावी, एवढी एकच आस त्यानं धरली होती.

आणि ती चाचणीच त्याला दगा देत होती. बाकी दोन प्रयोगशाळांचं जुळायचं, शहापूरचं वर्षभर जुळायचं, आणि पावसाळा सरला की एखादा पिस्टन असा निघायचा की कपाळावर हात मारावा. चांगलं तेल, आणि पिस्टन घाण! संघपालनं पाण्याचा कूलर बदलला, डिझेल बदललं, तापमापकं बदलली. नाकी नऊ आले. रात्री जेवताना बायको रुपा काही बोलली की तो भलतंच उत्तर द्यायचा. शेवटी तोही बापासारखंच म्हणायला लागला, माह्याच हातून काही चुकून राहिलं.

शेडच्या प्रमुख गुंजन मॅडम. बाई वाईट नव्हती. यंदा त्यांनी त्याला बसवून सांगितलं, "संघपालजी, या पिस्टनची नवी खेप आता समितीनंतरच येणार. आपल्याकडे हा शेवटचा. दिवाळीनंतर समिती बसणार. यावेळी चांगलं तेल चांगलं निघालं नाही, तर चाचणीच मोडीत काढणार आहेत."

त्या शेवटच्या पिस्टनची चाचणी दसऱ्यावर आली. दसऱ्याला संघपाल घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, आणि इंजिन त्याचा जोडीदार टेकचंद भुरे सांभाळायचा. दिवाळीला टेकचंद घरी, संघपाल शेडवर. शेड उघडली तेव्हापासूनचा हा वायदा. यंदा संघपालचा पाय निघेना.

"मी नाही जात बे यंदा," तो म्हणाला.

"काहून? मी मेलो का?" टेकचंदनं त्याच्या हातातून हेल्मेट घेऊन त्याच्याच डोक्यावर ठेवलं. "लेकराबाळांले घेऊन जाऊन ये गड्या. इंजिनाची काळजी तुह्यापेक्षा मले जास्त आहे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, तेच तर वाईट झालं.

चाचणी संपली. संघपालनं स्वतः इंजिन खोललं. पिस्टन हातात घेतला. अंगभर तपकिरी, चकचकीत थर, दाराला पॉलिश मारावं तसा. फडक्यानं पुसला, निघेना. चांगलं तेल सपशेल नापास. संपलं सगळं. तो तिथंच बसला, आणि पिस्टन नाकाजवळ आला तेव्हा त्याला एक ओळखीचा वास आला. जळकट, चटणीसाठी जवस भाजताना करपावा तसा. इंजिनात जवस?

"टेकचंद," त्यानं हाक मारली. "दसऱ्याले काय केलं तू?"

"पूजा केली. इंजिन थंड कराले बंद केलं होतं तवा. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला." मग टेकचंद जरा लाजून हसला. "आन् तेलाचं झाकण खोलून घास देल्ला. आमच्या घरी दसऱ्याले औताले, विळ्याले, साऱ्यायले जवसाचं तेल लावतेत. पंपाच्या इंजिनाले वाटीभर पाजतेत, वर्षभर उपाशी राहू नये म्हणून. यंदा तू लय काळजीत होता, म्हणून दोन वाट्या देल्ल्या."

"यंदा?"

"देतो तं दरवर्षीच."

दरवर्षी. जवसाचं तेल गरमीनं वाळतं, घट्ट होतं, रंगवाले दाराला लावतात ते काय उगाच? दर दसऱ्याला वाटीभर प्रेम पोटात जाऊन इंजिनाचा घसा चिकटत होता, आणि संघपाल कूलर बदलत बसला होता. पूजेच्या दिवशी तो तिथं नसायचा. दोघं एकमेकांच्या सणाचा इतका मान ठेवायचे, की सणाला तुम्ही नेमकं करता काय, हे कधी कुणी कुणाला विचारलंच नाही. राग यावा तर कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

गुंजन मॅडमनी बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. "काही वेगळं घडलं होतं का? भेसळ, बिघाड? असेल तर आपला निकाल बाद धरतील, बाकी दोन प्रयोगशाळांवर चाचणी तरेल. नसेल, तर हा निकाल उभा राहील आणि चाचणी मरेल."

सांगितलं तर टेकचंद जाणार, तोही कपाळावर ठपका घेऊन. शिवाय दसऱ्यात सापडलेल्या जुन्या सगळ्या चाचण्या बाद, शेडवरचा भरवसा उडणार, म्हणजे शेडलाही कुलूप. न सांगितलं तर ज्यासाठी एवढी वर्षं घातली ते मातीत. संघपालनं टेबलाची कड धरली. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. मग त्यानं सांगितलं, सगळं सांगितलं, टेकचंदचं नाव घेऊन.

चाचणी मंजूर झाली. तिच्यात शहापूरचा एकही आकडा नाही. नियमात एक ओळ तेवढी वाढली, की तेल भरल्याबरोबर झाकणाला सील लावावं आणि शेवटपर्यंत तोडू नये. का, ते तिथं लिहिलेलं नाही.

टेकचंदला त्याच आठवड्यात काढलं, पुढं शेडही बंद झाली. ट्रक इंजिन न्यायला आला त्या दिवशी टेकचंद फाटकाबाहेर उभा होता. आत यायची त्याला मनाई होती. संघपाल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. क्रेननं इंजिन उचललं, तसं टेकचंद संघपालकडं न बघताच म्हणाला, "माह्याच हातून चुकलं ना रे सारं?"

संघपालनं तोंड उघडलं. बापासाठी जन्मभर जपून ठेवलेलं उत्तर ओठांवर आलं होतं, तुझं काही चुकलं नाही, तेल खोटं होतं. पण यावेळी तेल चांगलं होतं.

त्यानं टेकचंदचा हात धरला, आणि ट्रक हायवेला लागेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.