भोकं बुजवायची नाहीत

आमच्या ह्यांचा जन्म गुळगुळीत करण्यात गेला. कवळ्या बनवायचे. जरा कुठे खरखर लागली की कानशीने घासायचे, मग फिरत्या ब्रशवर चकचकीत करायचे. घरातल्या खुर्च्यांचे हातसुद्धा सुटले नाहीत. "मला तेवढं घासू नका," मी म्हणायचे.

पुढे हॉस्पिटलात छपाईचं यंत्र आलं आणि ह्यांना तिथे घेतलं. हाडातल्या क्षाराची भुकटी आणि विरघळणारं प्लास्टिक, अशा मिश्रणाची तार सोडत ते यंत्र थरावर थर देऊन जाळी करतं. जाळी हाडाच्या जागी बसवायची. तिच्या भोकांत पेशी शिरतात, नवं हाड धरतं आणि जाळी हळूहळू विरून जाते. "सगळी करामत भोकांची," असं डॉक्टरीणबाई येता-जाता बजावायच्या.

त्या दिवशीची जाळी माझ्या धाकट्या बहिणीची होती. गाठीपायी तिच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला होता, आणि आधाराची पट्टी आता सैल झाली होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

मी डबा घेऊन गेले तर हे जाळी हातात धरून भिंतीला टेकलेले. तोंडचं पाणी पळालेलं.

"काय झालं?"

"घासली."

"म्हणजे?"

"कड टोचेल तिला, असं वाटलं. हात ब्रशकडे कधी गेला कळलंच नाही. तापून वरची भोकं बुजली."

जित्याची खोड! असा संताप आला मला. जाळी मात्र नितळ, देखणी दिसत होती. ऑपरेशन पुढे जाईल या धास्तीने मी म्हटलं, "देऊन टाका तशीच. कुणाला कळणारे?"

"तिच्या जबड्याला कळेल. हाड धरणारच नाही." एवढं बोलून हे तडक बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मिश्रण एका जाळीपुरतं आहे, तेही जेमतेम. पुरलं नाही तर ऑपरेशन रद्द. करा सुरू."

काचेमागे तार सोडणारं नोझल येरझाऱ्या घालू लागलं. जाळी वर चढत होती, नळीतलं मिश्रण खाली उतरत होतं. मध्येच तार तुटली. ह्यांनी दाब किंचित वाढवला. तार पुन्हा सुटली. शेवटचा थर बसला तेव्हा नळी रिकामी होती.

एका कडेला बारीकसं कुसळ राहिलं होतं. ह्यांचा अंगठा शिवशिवला. मग खिशातली कानस काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली.

"ठेव तुझ्याकडे. मागितली तरी देऊ नकोस."

ती अजून माझ्या पर्समध्येच आहे.

बऱ्याच महिन्यांनी बहीण घरी आली. आल्या आल्या तिने सफरचंदाचा कचकन लचका तोडला, मग गालावरून बोट फिरवत थांबली.

"भावोजी, इथे हाताला जरा उंचवटा लागतो हो."

ह्यांचे डोळे भरून आले.

"लागू दे," हे म्हणाले. "तुझंच हाड आहे ते."