डावा कौल

केळुसकर मास्तर देवगडकडच्या हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवत. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग आणि मगच निष्कर्ष, ही वाट सोडली की ते खवळत. देवळातल्या कौलावर तर त्यांचं तोंड सुटायचं. "देवाच्या दगडावर ओली पाकळी चिकटवायची! उजवी गळली की होय, डावी गळली की नाही! अरे, परत लावून बघा, उलट पडेल. एकदा घडलं म्हणून सिद्ध होत नाही!"

त्र्याऐंशी साली त्यांचा एकुलता मुलगा दत्ताराम मित्राच्या होडीतून विजयदुर्गाकडे गेला. होडी उपडी सापडली, पोर सापडलं नाही. गाव म्हणाला, आता दिवस करा.

"पुरावो खंय आसा?" मास्तर गरजले.

दिवाळी सरली आणि एका सकाळी मास्तर स्वतःच देवळात आले.

"माझो झील दत्ताराम जित्तो आसा काय, विचार," ते गुरवाला म्हणाले.

गुरवानं गाऱ्हाणं घालून पाकळ्या लावल्या. डावी गळली.

"मास्तरानू," गुरव मान खाली घालून म्हणाला, "देवान सांगितल्यान."

मास्तरांनी वाकून ती पाकळी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"एका प्रयोगान निष्कर्ष काढूचो नसता रे. परत लाव."