झोळीतला हात

घणसोली गावातल्या पुतळाला उभ्या जन्मात उसंत म्हणून ठाऊक नाही. लग्नाआधी मिठागर, लग्नानंतर शेत. जमीन सिडकोत गेली तशा भाडेकरूंच्या खोल्या आणि त्यांची पाण्यावरून रोजची भांडणं! त्यात त्र्याण्णव साली वरची खोली बांधताना नवरा, नामा, परांचीवरून पाठीवर आपटला आणि खांद्यामागचं चपटं हाड मोडून बसला.

त्यांचा मुलगा केतन ऑपरेशनच्याच मागे लागला. वाशीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "सांध्याची वाटी शाबूत आहे. ती फुटली असती तर कापून पट्टी बसवली असती. हे हाड सगळीकडून मांसात आहे, आपोआप जुळेल. दोन-तीन आठवडे हात झोळीत ठेवा. मग मात्र हलवायला लागा, नाहीतर खांदा आखडेल."

आता आमच्या गावाला प्लास्टर दिसलं नाही की इलाज झाल्यासारखा वाटतच नाही! शेजारची गिरजाबाई बघायला आली ती म्हणाली, "ना कापला, ना पलिस्तर! पुतळे, हात हलवू नुको देऊ गो त्याला." पुतळा घाबरली. नामाचा जीव खाडीत पाग फेकण्यात. जाळं फेकणारा हातच गेला तर हा माणूस उंबऱ्यात बसून झुरेल, हे तिला पक्कं माहीत. म्हणून तिने झोळी सोडलीच नाही. न्हाऊ घालणं, घास भरवणं, बटणं लावणं. गणपती गेले, दिवाळी आली, तिची कंबर कामातून गेली.

झोळी सुटली तेव्हा हात छातीच्या वर जाईना. हाड झकास जुळलं होतं, खांदा पार आखडला होता. डॉक्टर चिडले. "रोज वर उचला, ओरडले तरी. पण पाग फेकता येईल की नाही, ते आता मी सांगू शकत नाही."

नामा गावभर डॉक्टरांना शिव्या घालत सुटला. आपरेशन केला असता तर हात वाचला असता म्हणे! एका संध्याकाळी तेल चोळता चोळता पुतळा रडायलाच लागली.

"त्यांना नुका बोलू. त्यांनी सांगलं व्हतं हलवा म्हनून. मीच बांधून ठेवला."

नामा पुटपुटला. "मना पन ठावं व्हतं. मी पन ऐकलं व्हतं."

"मंग बोलला का नाय?"

"तू जवल बसून भरवत व्हतीस. येवढ्या वर्सांत कवा बसलीस माझ्याजवल?"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, पुतळाला कळेना. मेल्याला तोंडाने सांगता येत नव्हतं? ती इतकी दमली होती, की धड रागही येईना. भिंतीला टेकून ती थोडा वेळ त्याच्या शेजारी नुसती बसली. मग त्याचा हात धरून वर रेटला. तो बोंबलला. तिने सोडला नाही.