पदर नसलेली गोष्ट

वडगावच्या एका गल्लीत, रस्त्यालगतच्या खिडकीशी एका विणकराचा माग होता. मागावर साडी, आणि खिडकीच्या गजाला दोन चिमट्यांनी अडकवलेलं उघडं पुस्तक. उडत्या घोड्यांच्या, राक्षसांच्या त्या लांबलचक कादंबरीचा नववा भाग. धोट्यातली सुताची कांडी संपली की तो नवी घालायचा आणि तेवढ्यात पान उलटायचा. कामावर जाताना मी रोज बघायचो. नाव कधी विचारलं नाही.

मी तोवर आलेले अकराही भाग झपाटल्यासारखे वाचले होते. पुढचं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. एकदा थांबलोच. "अण्णा, एवढं काय गावतंय ह्यात?"

"साडी रोज संपतीया," मागाच्या खटखटीवर आवाज चढवून तो म्हणाला. "पदर आला की कापायची, दुसरी सुरू. ह्येला पदरच न्हाय बघा. लई बरं वाटतंय."

माझी जीभ कुठली गप्प बसतेय! "हाय की! बारावा भाग शेवटचा. कालच सांगितलंय लेखकानं."

त्यानं माग बंद केला. गल्ली एकदम मोकळी वाटली. "व्हय?" एवढंच म्हणाला, आणि माग पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी चिमट्यांत तेच पान होतं, सात फण्यांच्या सापाच्या चित्राचं. तिसऱ्या दिवशीही तेच. तो कांड्या बदलत होता, पान उलटत नव्हता.

बारावा भाग मी गेल्या महिन्यात संपवला. शेवट चांगला आहे. त्याला जाऊन सांगावं असं रोज वाटतं, आणि रोज मी दुसऱ्या गल्लीनं कामावर जातो.