उलटं बसलेलं सील

रुग्णालयाच्या मागच्या आवारात पत्र्याचं एक वर्कशॉप होतं. तिथे मिस्त्रींची तेवीस वर्षं गेली. पाण्याचा पंप, खाटांची चाकं, लिफ्टचं दार, जे अडेल ते त्यांच्यापुढे यायचं. माणूस मितभाषी, हात मात्र चोख. सगळं सुरळीत चाललं असताना त्यांनी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. सासूबाईंनी शब्द टाकला म्हणून कारखान्यातली नोकरी सुटलेल्या धाकट्या साडूला त्यांनी इथे चिकटवून दिलं.

धाकटा गोड बोलायचा. कोणत्या नर्सबाईंच्या मुलीची परीक्षा आहे, हे त्याला तोंडपाठ. दोन वर्षांत फोनवर लोक विचारू लागले, “धाकटे आहेत का?” सासुरवाडीलाही तेच. मिस्त्रींनी तिथली सगळी नळजोडणी बदलली होती, ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. धाकट्याने एकदा बंद पडलेला मिक्सर चालू करून दिला, तर सासूबाई वर्षभर ते कौतुक सांगत होत्या. मिस्त्री ऐकायचे, हसायचे, आणि आतून जळून कोळसा व्हायचे.

एके दिवशी बागेचं काम बघणाऱ्या बाई गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर घेऊन आल्या. स्टिअरिंग जड झालं होतं, पुढच्या सिलिंडरमधून ऑइल गळत होतं. मिस्त्री समोरच उभे होते. बाईंनी विचारलं, “धाकटे कुठायत?”

धाकट्याने काम मन लावून केलं. होस पाइप सोडून त्यांची तोंडं बंद केली, सिलिंडर व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला, रॉड पिस्टनसकट बाहेर ओढला. आतली भिंत घासून घेतली, ऑइल अडवणारी जुनी रबरी सीलं चिरली होती, ती काढून टाकली. पिस्टनवर दोन सीलं बसतात, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेरच्या बाजूला. पहिलं त्याने बरोबर बसवलं. दुसरं बसवताना तो बाईंना काहीतरी गमतीचं सांगत होता. बाई हसत होत्या, आणि सील उलटं बसलं.

मिस्त्रींनी ते पाहिलं. शब्द अगदी ओठांवर आला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि हातातली कानस उगाच पुसत राहिले. मूग गिळून बसले.

सपाट आवारात ट्रॅक्टर ठीक वळला. दुसऱ्या दिवशी वॉर्डांमागच्या उतारावर बाईंनी डावीकडे स्टिअरिंग फिरवलं, पण उलट्या सीलमधून ऑइल निसटलं आणि ते नुसतंच फिरलं. ट्रॅक्टर सरळ जाऊन दगडी कठड्यावर आदळला. बाईंचं मनगट मोडलं.

धाकटा मिस्त्रींकडे धावला. “दादा, माझं काय चुकलं, बघाल का?”

मिस्त्रींनी सिलिंडर उघडला, सील दाखवलं, नवं नीट बसवलं. आता बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. थोडं वाटलंही. पण धाकटा स्वतः जाऊन बाईंची माफी मागून आला, रुग्णालयाच्या साहेबांपुढे चूक कबूल करून आला. रविवारी सासूबाईंच्या घरी भर पंगतीत म्हणाला, “दादा होते म्हणून. त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं.”

“चूक कबूल करायला मन मोठं लागतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि धाकट्याला आग्रहाने वाढू लागल्या. चूक करूनही हाच मोठा.

परत येताना बायकोने विचारलं, “आज तर तुमचं कौतुक झालं. मग तोंड का उतरलंय?”

त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती चालता चालता थांबली.

“बाईंना सांगितलंत?”

“नाही.”

“मग मला सांगून काय उपयोग?”

सकाळी मिस्त्री बागेत गेले. बाई उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून डाव्या हाताने झाडांना पाणी घालत होत्या. मिस्त्रींचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला.

“धाकटे दोनदा माफी मागून गेले माझी,” त्या म्हणाल्या. “त्यातली एक तुमच्या वाट्याची होती म्हणायची.”

तिथून ते वर्कशॉपमध्ये आले आणि धाकट्यालाही सांगितलं. त्याने पान्हा खाली ठेवला.

“मी तुमचं काय वाईट केलं होतं, दादा?”

खरं तर त्याने काहीच केलं नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

धाकट्याने दुपारची पाळी मागून घेतली. दोन वाजता दारात गाठ पडते, तेव्हा कामापुरतं बोलणं होतं. घरी कुणाला त्याने काही सांगितलं नाही, हेही मिस्त्रींना बोचतं. सकाळी वर्कशॉप आता पूर्वीसारखं त्यांच्या एकट्याचं असतं. फोन फारसा वाजत नाही. लोक आपली कामं दोन वाजेपर्यंत राखून ठेवतात, हे त्यांना ठाऊक आहे.