पुलापासून वाजत होतं

लोणी देवकरच्या कारखान्यात मी पहिल्या पाळीला होतो. साडेदहाच्या सुमारास सणसरहून, आमच्या गावातून, चुलतभावाचा फोन आला. तात्या गेले. गॅरेजसमोरचा रस्ता ओलांडताना उसाच्या दोन ट्रेलरवाल्या ट्रॅक्टरखाली सापडले. "ड्रायव्हर म्हणतोय, पार वळणापासनं हॉर्न दाबून धरला हुता," भाऊ सांगत होता. "तात्यांनी मान सुदीक वळवली न्हाय." फोन तसाच कानाला धरून मी उभा राहिलो. तात्यांनी मान का वळवली नाही, हे त्या घडीला फक्त मला माहीत होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही.

तात्या आमच्या शेजारचे. आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारे मिस्त्री म्हणून इंदापूर-बारामतीकडून लोक त्यांच्याकडे यायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. इंजिनचा धडा इंग्रजीतून पाठ व्हायचा, पण कळायचा नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत तात्यांनी ट्रॅक्टरचं उघडं इंजिन हाताने सावकाश फिरवून दाखवलं. "बघ, आता श्वास घेतंय. आता दाबून धरतंय. आता सोडतंय." त्या वर्षी मी पास झालो. आज माझी नोकरी कारखान्यातले सेन्सर आणि काटे सांभाळायची आहे, तिची सुरुवात त्या तेलकट फरशीवर झाली.

चार वर्षांपूर्वी इंदापूरच्या विक्रमराव नावाच्या बागायतदारांनी एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. दोनच माणसांची, सुपरचार्जर बसवलेली. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून अशी गाडी ताकदीला जबर आणि बिघडली तर तेवढीच घातकी. तात्यांनी पट्टा बदलला. माझी सुट्टी होती, म्हणून ट्रायलला मला शेजारी बसवलं. कालव्याचा पूल ओलांडून त्यांनी गाडी पळवली तसा इंजिनातून आवाज सुरू झाला... पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. हे नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं. असं वाजत असताना जोर दिला तर पिस्टन फुटतो. मी म्हणालो, "तात्या, पाय काढा." त्यांनी आणखी दाबला. मी ओरडलो. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते हसत समोर बघत होते आणि खडे जोरजोरात वाजत होते. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. शेवटी मी त्यांचा गुडघा घट्ट धरला.

गाडी उसाच्या कडेला थांबली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"किती येळ वाजत हुतं?"

"पुलापासून."

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. "गाडी गेली असती तर गेली असती. तू शेजारी हुतास..." मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "कानात यंत्र घातलेल्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणील? कुनाला सांगशील तर माझी शपथ हाय. आन् तुझ्या काकीला तर बिलकूल सांगू नगं. भिऊन मला रस्त्यावर पाऊल टाकू द्यायची न्हाय."

मग म्हणाले, "इंजिनेरसाहेब, मला दिसंल असं काय तरी कर."

पुढच्या तीन सुट्ट्या मी त्या गाडीत घालवल्या. पंख्यापुढच्या हवेच्या वाटेला बारीक नळी लावून तिला बूस्टचा काटा जोडला, म्हणजे किती हवा कोंबली जाते ते दिसेल. ऑइलचा दाब, पाण्याची उष्णता, हवा-पेट्रोलचं प्रमाण, सगळ्यांचे काटे काचेशेजारच्या खांबावर बसवले, रस्त्यावरून नजर हटू नये म्हणून. आणि इंजिनच्या अंगाला नॉकिंग पकडणारा सेन्सर, त्याला मोठा लाल दिवा. विक्रमराव समोर उभे राहून म्हणाले, "तात्या, गाडी करताय का इमान?" तात्यांनी त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही. "इमानच हाय. फकस्त उडू नका म्हंजी झालं."

दुसऱ्या ट्रायलला दिवा लागला आणि तात्यांचा पाय त्याच क्षणी वर आला. दोष सापडला, पेट्रोल कमी पडत होतं. विक्रमराव खूश झाले, तात्यांचं नाव आणखी झालं. मी मात्र त्या दिवसापासून भीत होतो. ते पायी दुकानाला निघाले की रस्ता पार होईपर्यंत मी दारात उभा राहून बघायचो. मागून येणाऱ्या गाडीसाठी त्यांच्याकडे कुठलाच दिवा नव्हता. हे काकींना सांगायला हवं, असं दर सुट्टीला वाटायचं. दर सुट्टीला मी शपथ आठवून गप्प बसायचो.

दहाव्याला मांडवात कुणीतरी बोललं, "हॉर्न वाजतोय आन् माणूस हलत न्हाय, म्हंजी मनात काय तरी आसणार." काकींनी ते ऐकलं. त्यांचं जेवण सुटलं. मी भेटायला गेलो की माझा हात धरून एकच विचारायच्या, "तुला काय बोलले हुते का रं? काय कमी पडलं त्यास्नी?" दोन वेळा मी मान हलवून परत आलो. तिसऱ्या वेळी सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, आता त्या मला घराबाहेर काढतील, आणि काढावंच.

"म्हंजी मुद्दाम न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं, काकी."

"मी मागनं हाका मारायची... मला वाटायचं, ह्यांना आता माझा कटाळा आला. चार वर्सं तोंड फुगवून वाढलं मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सांगितलं असतंस तर मी हात धरून रस्ता पार केला असता त्यांचा."



त्यांनी गॅरेजचं शटर उघडायला लावलं. कामाच्या टेबलावर ट्रकचा एक आरसा ठोकलेला आहे. "ह्यात भांग पाडतोय म्हातारा, म्हणून मी चेष्टा करायची," असं म्हणत त्या तात्यांच्या स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसल्या. मला म्हणाल्या, "दारात जा." मी गेलो. त्या वळल्या नाहीत.

"आरशात दिसतोयस तू. रस्ता दिसतोय. येणारं-जाणारं समदं दिसतंय." पुढं म्हणाल्या, "पेपरात लिही, समद्यांना कळू दे. ऐकू येत न्हवतं त्यास्नी, आसं लिही."

मग त्या तिथेच बसून राहिल्या, आरशातल्या रस्त्याकडे बघत. दारातून हलायचा मला धीर झाला नाही.