मारुतीचं तेल आणि जहाजाचा धूर

गेल्या शनिवारी उपास होता, पण भूक नव्हतीच… अकरा वाजता आळे गावात आमच्या गटाच्या खोलीवर तपासणीच्या मॅडम येणार होत्या. आणि चूक कुणाची आहे, हे फक्त मला माहीत होतं.

आमच्या बचत गटाच्या बारा जणी तळणीचं उरलेलं तेल गोळा करतो. घराघरातलं, फाट्यावरच्या वडेवाल्यांचं… कढईत तळून तळून काळं झालेलं. ते ड्रमने कारखान्यात जातं, तिथं त्याचं इंधन होतं आणि मोठ्या जहाजांत जळतं. वही माझ्याकडे, कारण दहावी झालेली आणि रोजचं रोज लिहिणारी मीच.

मला काही वाया गेलेलं बघवत नाही. गुण म्हणा, खोड म्हणा. आमच्या वाडीच्या मारुतीला लोक शनिवारी तेल वाहतात. ते मूर्तीवरून ओघळून मागच्या गटारात जायचं, तिथं काळा चिखल आणि मुंग्या…

दोन महिन्यांपूर्वी मी गुरवकाकांना विचारलं, देवाला हात जोडले आणि तेल पडतं तिथं किटली ठेवली. फडक्यातून गाळून ते तेल आमच्या ड्रममध्ये ओतायला लागले. वहीत लिहायची, ‘इतर’. कुणाला सांगितलं नाही. शेवटी तेल ते तेल, असं वाटलं…

बुधवारी कारखान्यातून फोन आला. तपासायला नेलेल्या नमुन्यांत तुमच्या एका ड्रमचं तेल तळलेलं वाटत नाही, नवीन मिसळल्याचा संशय आहे. तसं निघालं तर तुमच्या गावचं तेल घेणं बंद.

गटातली सखूबाई डोक्यावर कॅन घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरते, तिला आता लोक भेसळवाली म्हणणार… तीन दिवस जपाला बसले की मणी चुकायचे. सांगायचं ठरवायची, आणि कुणी समोर आलं की भलतंच काहीतरी बोलायची.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी त्या ड्रममधलं तेल बाटलीत घेतलं, खिडकीशी धरलं. तळाला केशरी गाळ.

“हे काय, मिरची का?”

आमच्या अध्यक्ष सुनंदावहिनी लगेच म्हणाल्या, “व्हय, मिरचीच. लई तिखट खातो आमी मॅडम!” सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या आणि लिहायला पेन उचललं…

गप्प राहिले असते तर तिथंच मिटलं असतं. पण तो शेंदूर होता. ज्याच्यापुढं रोज हात जोडते, त्याच्याच अंगावरचा.

“मिरची न्हाई मॅडम. शेंदूर आहे. मारुतीला वाहिलेलं तेल किटलीत धरून मी ओतलंय यात.”

सुनंदावहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं जमीन पोटात घेईल तर बरं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं… जहाजाचा धूर म्हणजे नुसता त्याच्या धुराड्यातला नव्हे. तेलाच्या धुराचा हिशोब पार पेरणीपासून धरतात. खत, मोटारीची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल, तेलाची गिरणी, सगळं. तळलेल्या तेलाचं हे ओझं आधीच वड्यांच्या नावावर पडलेलं असतं, म्हणून जहाजाला ते हलकं. नवीन तेलाचं सगळं ओझं मात्र जहाजावर. तळलेलं म्हणून नवीन दिलं, तर तो हिशोबच खोटा.

“मग हे मारुतीच्या नावावर टाका की!” सखूबाई म्हणाली.

“मावशी, फॉर्ममध्ये मारुतीला रकाना नाही हो…”

सगळ्या हसल्या, मी सोडून. मग मॅडमनी मला विचारलं, “काकू, तुम्ही किटली ठेवल्यापासून लोक जास्त तेल वाहायला लागलेत का?”

मी ‘नाही’ म्हणणारच होते. गटारात जाणारं तेवढंच तर उचलत होते मी! पण वही समोर उघडी होती. पहिल्या शनिवारी दोन लिटर. मग तीन… शेवटच्या शनिवारी सहा.

गुरवकाका हसत म्हणाले होते ते तेव्हा आठवलं… “माई, वाया जात न्हाई म्हनल्यावर लोकं आख्खी पिशवी वतत्यात आता.” आणि मी खूष झाले होते हो. किटली भरली म्हणून!

वाया जाणारं वाचवायला गेले, आणि माझ्याच किटलीपायी जास्त वाया जायला लागलं.

तो ड्रम मॅडमनी बाजूला काढला. बाकीचे दोन चांगले निघाले. आपणहून सांगितलंत म्हणून गावचं तेल बंद करत नाही, पण पुढं ‘इतर’ चालणार नाही, म्हणाल्या. बाजूला काढलेल्या ड्रममध्ये सखूबाईची दोन महिन्यांची पायपीट होती. ती रिकामा कॅन उचलून तशीच घरी गेली, तेच जास्त लागलं…

संध्याकाळी देवळात गेले. किटली काढावी तर तेल गटारात, ठेवावी तर लोकांचा हात सैल. शेवटी गुरवकाकांशी बोलून गाभाऱ्याच्या दाराशी एक पळी बांधली. एकानं एकच पळी वाहायची. किटलीत जमा होईल ते तेल गाळून देवळातल्याच दिव्याला.

“आता देवाला बी मोजून का?” एक बाई फणकारल्या. मी माझी पळी वाहिली आणि बाजूला झाले.

सोमवारी सकाळी दारात कॅन आपटल्याचा आवाज. सखूबाई! ती येते की नाही, याच धास्तीत होते मी…

“काय माई, तळन हाय का? का आज बी मारुतीचंच देतीस?”

एकादशीच्या पापडांचं अर्धी वाटी काळं तेल ठेवलं होतं, ते तिच्या कॅनमध्ये ओतलं. तिनं आधी कॅन उजेडाला धरून तळाशी पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसली… तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.